ओल, धुराडं आणि सव्वाशे वर्षं

इंग्लंडात घर घेताना एक नियम नीट डोक्यात बसवावा लागतो. घरात काय बिघडलंय हे शोधून काढायचं काम घेणाऱ्याचं! (स्कॉटलंडात जरा बरं आहे, तिथे 2008 पासून बहुतेक घरांचा होम रिपोर्ट विकणाऱ्यालाच द्यावा लागतो.) म्हणून रेडिंगमधलं एक टेरेस घर आवडल्यावर आम्ही पदरचे पैसे मोजून लेव्हल थ्री सर्व्हे करवला. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे बरं का, एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग. घर 1890 च्या दशकातलं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या वर्षांतलं. रिपोर्ट साठेक पानांचा. बायकोने आधी खर्चाचे आकडे शोधले. मी मात्र शनिवार-रविवार तो इतिहासाचं पुस्तक वाचावं तसा वाचला.

सुरुवातीची पानं कौतुकाची आहेत. दर्शनी भागाला चांगल्या विटा, पुढे आलेली बे विंडो, मोठमोठ्या काचा. ही श्रीमंती कायद्यातून आलीय. इंग्लंडात काचेवरचा कर 1845 ला गेला, विटांवरचा 1850 ला आणि खिडक्यांवरचा 1851 ला. (हो, खिडक्या मोजून कर घ्यायचे! लोक चक्क त्या बुजवून टाकत.) त्यानंतरच्या साध्या घरांनाही उजेड परवडू लागला. रेल्वेमुळे वेल्समधली पाटीच्या दगडाची छपरंही दूरदूरच्या गावांत पोचली.

मग सुरू होते ओल. हा शब्द इतक्या वेळा आलाय की मी मोजायचं सोडून दिलं.

या भिंती नऊ इंची आणि भरीव, मध्ये पोकळी नाही. सांधे चुन्याचे. पाऊस पडला की भिंत थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा लागला की चुन्याच्या दर्जांमधून सोडून देते. आपल्या जुन्या वाड्यांचंही हेच तंत्र. घाणीत मळलेल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आत काय होतं, हे वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. इथेही विसाव्या शतकात कुणीतरी 'मजबुती'साठी दर्जा सिमेंटने भरल्या. आता पाण्याला बाहेर पडायला वीटच उरली. थंडीत ते पाणी गोठतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचा बंदोबस्त मात्र मूळ बिल्डरने केला होता. 1875 च्या पब्लिक हेल्थ ॲक्टनंतर गावोगावच्या बांधकाम नियमांत जोत्याजवळ ओल अडवणारा थर आला. आमच्या घरात तो पाटीच्या दगडाचा आहे आणि बहुधा अजून शाबूत आहे. पण मागच्या मालकांपैकी कुणीतरी बाहेर फरशी घालताना अंगण त्या थराच्याही वर नेलं. वर लाकडी जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या जाळीच्या विटाही बुजवल्या. आता तुळयांची टोकं कुजलीत का, हे जमीन उचकटल्याशिवाय कळणार नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ओल मोजायचं ते यंत्र पाणी मोजतच नाही. ते दोन टोकांमधून वीज किती सहज जाते ते बघतं, आणि भिंतीत क्षार साठले असतील तरी आकडा वर जातो. तेवढ्यावर भिंतीत रसायन टोचून घेऊन हजारो पौंड घालवण्याआधी फरशी खाली न्यावी, असं सर्व्हेअरनेच लिहिलंय. देव त्याचं भलं करो.

थोडक्यात, व्हिक्टोरियन माणसाचा कोड ठीक चालला होता, गोंधळ नंतरच्या पॅचेसनी घातला. छपराचंही तेच. मूळ पाट्या काढून त्याहून जड काँक्रीटची कौलं घातलीयत आणि वासे मध्ये वाकलेत.

पण मला झोप लागू देत नाहीये ते पान सत्तेचाळीस. 1952 च्या डिसेंबरमध्ये लंडनवर धुरकं दाटलं, हजारो माणसं गेली, आणि 1956 ला क्लीन एअर ॲक्ट आला. पुढे गॅसचं सेंट्रल हीटिंग घरोघर पोचलं, शेगड्या विझल्या आणि खोलीत घुसलेला धुराड्याचा विटांचा खांब लोकांना अडचण वाटू लागला. आमच्या दिवाणखान्यातला कुणीतरी तोडून टाकलाय. खोली मोठी झाली, जाहिरातीत फोटोही झकास आलाय. वरच्या बेडरूममधला मात्र तसाच आहे, पोटमाळ्यातलाही, आणि छपरावरची चिमणी तर शेजाऱ्याशी सामाईक. टनांच्या हिशोबातलं हे वजन खाली कशावर टेकलंय? लोखंडी तुळई असेल, भिंतीत ठोकलेले ब्रॅकेट असतील, किंवा नुसती सवय असेल! प्लास्टरमुळे सर्व्हेअरला दिसलं नाही.

विकणारे आजोबा म्हणतात, आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे. कौन्सिलकडे परवानगीची नोंद आहे का, ते आमचा वकील शोधतोय. येत्या गुरुवारी स्ट्रक्चरल इंजिनिअर छताला भोक पाडून बघणार आहे. आजोबांनी परवानगी दिलीय, फक्त भोक सोफ्याच्या वर नको म्हणाले.