सव्वाशे पौंडांची गाडी

एका जुन्या शर्यतगाडीच्या व्यवहारातला एक आकडा पक्का टिकून राहिला आहे: १२५ पौंड. १९ ऑक्टोबर १९२४ रोजी इटलीतल्या मोन्झा इथल्या शर्यतीत काउंट लुई झ्बोरोव्स्की हा तरुण मर्सिडीस चालवताना मेला. त्याच्यामागे राहिलेल्या मालमत्तेतून जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस या वेल्श इंजिनिअरने त्याची एक अवाढव्य शर्यतीची गाडी विकत घेतली. त्या काळी १ रुपयाला साधारण १ शिलिंग ६ पेन्स मिळत, म्हणजे आपल्या पैशात किंमत झाली जेमतेम १,६६७ रुपये. त्याच सुमारास इंग्लंडात मध्यमवर्गीयांची आवडती, पाऊण लिटरच्या इंजिनाची नवीकोरी ऑस्टिन सेव्हन यापेक्षा महाग मिळत होती. थॉमसने घेतलेल्या गाडीचे इंजिन होते २७ लिटरचे. छत्तीस ऑस्टिन एकत्र बांधाव्यात एवढे.

इतके मोठे यंत्र इतक्या स्वस्तात का गेले, याचे उत्तर त्या गाडीच्या जुळणीत सापडते. ती कोणत्याही कारखान्याची गाडी नव्हती. इंजिन अमेरिकन, गिअरबॉक्स जर्मन, जुळणी इंग्लिश. अशा गाडीला बाजारभाव नसतो. तिला गिऱ्हाईक मिळते ते एखादेच, आणि बहुधा तेही स्वतःच तिच्यात हात घालणारे.

इंजिनापासून सुरुवात करू. ते लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर, १९१७ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पॅकार्ड कंपनीचा जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचा एल्बर्ट हॉल या दोघांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसवण्यात आले आणि पाच दिवसांत त्यांनी या इंजिनाचे आराखडे कागदावर उतरवले. पॅकार्ड, फोर्ड, लिंकन अशा मोटार कारखान्यांनी मिळून पुढे अशी वीस हजारांहून जास्त इंजिने बनवली. युद्ध १९१८ मध्ये संपले आणि ही इंजिने भंगाराच्या नाही तरी उरलेल्या मालाच्या भावात मिळू लागली. मापेही नोंदलेली आहेत. सिलिंडर बारा, प्रत्येकाचा व्यास ५ इंच, पिस्टनची धाव ७ इंच. शाळेतल्या सूत्राने गुणाकार केला तर १,६४९ घनइंच येतात, म्हणजे २७ लिटर. आकडे असे एकमेकांची साक्ष देतात तेव्हा इतिहास लिहिणाऱ्याला बरे वाटते.

ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती, आणि तीही मिनिटाला अवघ्या १,७०० फेऱ्यांच्या आसपास. एवढ्या मंद फिरणाऱ्या इंजिनातून एवढी ताकद निघते म्हणजे पीळ (टॉर्क) प्रचंड असतो. तो पीळ मागच्या चाकांपर्यंत न्यायचा कसा, हा खरा प्रश्न होता. झ्बोरोव्स्की आणि त्याचा इंजिनिअर क्लाइव्ह गॅलप यांनी त्यासाठी महायुद्धापूर्वीच्या बेंझ शर्यतगाडीचा गिअरबॉक्स आणला. त्या बेंझप्रमाणेच ताकद मागच्या दोन्ही चाकांना दोन बाजूंच्या दोन साखळ्यांनी पोचवली. सायकलची चेन असते तशीच, पण कितीतरी दणकट, आणि चालकाच्या दोन्ही कुशींना धावणारी. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

गाडी जिथे बांधली गेली ते ठिकाण म्हणजे केंट परगण्यातले, कँटरबरीजवळचे झ्बोरोव्स्कीचे घर, हायम पार्क. म्हणून नाव पडले ‘हायम स्पेशल’. या माणसाबद्दल थोडे सांगायला हवे. त्याचे वडील १९०३ मध्ये फ्रान्समधल्या ला तुर्बीच्या घाटशर्यतीत मेले होते. आई अमेरिकेतल्या गर्भश्रीमंत अ‍ॅस्टर घराण्यातली. विशीही न गाठता मुलाच्या हाती अफाट संपत्ती आली आणि त्यातली बरीच त्याने इंजिनांवर घातली. जर्मन मायबाख विमानइंजिन जुन्या मर्सिडीसच्या सांगाड्यात बसवून त्याने १९२१ मध्ये ‘चिटी बँग बँग’ नावाची गाडी इंग्लंडातल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या धावपट्टीवर आणली. इयान फ्लेमिंगच्या १९६४ च्या बालकथेतल्या उडत्या मोटारीला नाव मिळाले ते हिच्यावरून. हायम स्पेशल हे त्याच वेडाचे पुढचे आणि सर्वांत मोठे अपत्य. बाप जसा गेला तसाच तोही गेला आणि गाडी पोरकी झाली.

आता घेणारा. पॅरी-थॉमस हौशी धनिक नव्हता, पेशाने यंत्रज्ञ होता. लेलँड मोटर्सचा मुख्य इंजिनिअर असताना त्याने लेलँड एट ही आठ सिलिंडरांची आलिशान गाडी रचली. १९२० च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती इंग्लंडातल्या सर्वांत महागड्या गाड्यांत मोडत होती. पुढे नोकरी सोडून तो थेट ब्रुकलँड्सच्या धावपट्टीच्या आवारातच राहायला गेला. दिवसभर गाड्यांवर काम, त्यांच्यातच झोप. महागातली महाग गाडी शून्यातून कशी रचायची हे ज्याला ठाऊक होते, त्यानेच ही जोडकामाची गाडी १२५ पौंडांना घेतली. मला या खरेदीत बेपर्वाई दिसत नाही. जागतिक वेगविक्रमासाठी नवी गाडी बांधायला लागणारा पैसा त्याच्याजवळ नव्हता, आणि हायम स्पेशलमध्ये त्याला हवे ते एक मोठे काम आधीच झालेले होते: विमानाचे इंजिन जमिनीवर चालते झाले होते.

त्याने काय बदलले? चार झेनिथ कार्बोरेटर बसवले, पिस्टन स्वतःच्या आराखड्याने करून घेतले, वारा कापणारे नवे बाह्यांग चढवले आणि नाव ठेवले ‘बॅब्स’. काय ठेवले? बेंझचा गिअरबॉक्स आणि साखळ्या. ही दोन टिपणे शेजारी ठेवून वाचली की त्याची रीत कळते. इंजिन पेटवण्याचे आणि श्वास घेण्याचे काम, म्हणजे जिथे त्याची स्वतःची विद्या होती, ते त्याने हाती घेतले. ताकद चाकांपर्यंत नेण्याची जुन्या मालकाची व्यवस्था तशीच ठेवली. खूप बदल केलेली जुनी गाडी घेताना असे नेहमीच घडते. नवा मालक आपल्याला उमजणारा भाग सुधारतो आणि उरलेल्या भागात आधीच्या मालकाच्या निर्णयावर विसंबतो. बॅब्समध्ये तो निर्णय १९२६ पर्यंत दोनदा जुना झाला होता, एकदा बेंझचा आणि एकदा झ्बोरोव्स्कीचा.

तरी ही पसंती चुकीची होती असे त्या वर्षाचे आकडे म्हणत नाहीत. वेल्समधल्या कारमार्थन उपसागरावर पेंडाइन नावाचे गाव आहे. ओहोटी लागली की तिथे सुमारे सात मैल लांबीची सपाट, ओली, घट्ट वाळू उघडी पडते. माल्कम कॅम्पबेलने १९२५ च्या जुलैत तिथेच ताशी १५०.७६ मैलांचा विक्रम केला होता. १९२६ च्या मार्चमध्ये हेन्री सेग्रेव्हने साउथपोर्टच्या किनाऱ्यावर तो १५२.३३ वर नेला. आठ महिन्यांत वाढ दीड मैलाची. मग थॉमस बॅब्स घेऊन पेंडाइनला आला. २७ एप्रिल १९२६ रोजी १६९.३० मैल, आणि दुसऱ्याच दिवशी १७१.०२. किलोमीटरमध्ये सांगायचे तर ताशी सुमारे २७५. या वेगाने एक मैल पार करायला २१ सेकंद लागतात, तेही जाऊन-येऊन दोन्ही दिशांची सरासरी धरून. आठ महिन्यांत दीड मैल सरकलेला आकडा एका जुन्या गाडीने दोन दिवसांत जवळजवळ १९ मैल पुढे ढकलला.

हा विक्रम नऊ महिन्यांहून थोडा जास्त टिकला. ४ फेब्रुवारी १९२७ रोजी कॅम्पबेलने नेपियर इंजिनाची, खास या कामासाठी बांधलेली ‘ब्लूबर्ड’ त्याच वाळूवर १७४ मैलांच्या वर नेली. फरक तीन-चार मैलांचाच होता. महिनाभरात थॉमस बॅब्ससह परत पेंडाइनला आला. ३ मार्च १९२७ रोजी विक्रमाचा प्रयत्न चालू असताना गाडी भर वेगात उलटली आणि थॉमस जागीच गेला. जमिनीवरच्या वेगविक्रमाच्या मागे लागून मेलेला तो पहिला चालक. सरे परगण्यात, ब्रुकलँड्सपासून जवळच बायफ्लीटला सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याला पुरले. गाडीचे अवशेष पेंडाइनच्या वाळूच्या टेकड्यांत खड्डा करून गाडले गेले. पेंडाइनवर जागतिक वेगविक्रम त्यानंतर कधी झाला नाही.

इथून पुढे अपघाताची एक गोष्ट तयार झाली आणि पक्की रुजली. उजव्या बाजूची साखळी तुटली, चाबकासारखी उसळली आणि तिने चालकाचे डोके कापले, गाडी त्यानंतर उलटली. ही गोष्ट डोळ्यांसमोर लगेच उभी राहते, आणि पेंडाइनबद्दल काहीच ठाऊक नसलेल्यालाही ती ठाऊक असते. आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी उभा जन्म ज्या फरकासाठी वेचला तोच फरक इथे करावा लागतो. बखर वेगळी, अस्सल कागद वेगळा. बखरीतला प्रसंग खोटाच असतो असे नाही. पण तो घडून गेल्यावर, शेवट माहीत असलेल्या माणसांनी सांगितलेला असतो. बॅब्सच्या बाबतीत अस्सल कागद वाळूखाली होता.

तो १९६९ मध्ये बाहेर आला. ओवेन विन ओवेन या उत्तर वेल्समधल्या, बँगोरच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाने गाडी उकरून काढली. टेकड्यांची ती जागा तोवर लष्कराच्या ताब्यात गेली होती, तेव्हा एक परवानगी त्यांची लागली. दुसरी थॉमसच्या नातलगांची. गावातल्या काहींना हे उकरणे पसंत नव्हते आणि त्यांचे दुखणे समजण्यासारखे आहे. ४२ वर्षे ती जागा त्यांच्या लेखी समाधी होती. पण मला ओवेनची बाजू पटते. वाळूतले मीठ आणि ओल लोखंड खात होती. आणखी चाळीस वर्षांनी वाचण्याजोगे काही उरले नसते.

वर आला तो गंजाचा आणि वाकलेल्या धातूचा ढीग. बाह्यांगाचे पत्रे खाऊन गेले होते. अशा वस्तूकडून साक्ष घेताना आधी दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: धातू गंजून कुठे गेला आणि जोर बसून कुठे तुटला. त्या पाहणीनंतर आणि पुढच्या चर्चेत जे दुसरे वाचन पुढे आले ते असे की उजव्या बाजूचे मागचे चाक आधी निकामी झाले असावे. चाक बसले, गाडी कलंडली, आणि साखळी तुटली ती त्या ओढाताणीत. म्हणजे साखळी तुटली होती हे दोन्ही वाचनांना मान्य आहे. वाद क्रमाचा आहे. जुन्या गोष्टीत ती कारण आहे, नव्या वाचनात परिणाम.

माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, आणि त्याला आणखी एक आधार त्याच महिन्यातला आहे. २९ मार्च १९२७ रोजी, थॉमसच्या मृत्यूनंतर चार आठवडेही झाले नव्हते तेव्हा, सेग्रेव्हने अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी २०३.७९ मैल गाठले. दोनशेचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. त्याची सनबीम दोन विमानइंजिनांची होती आणि तिचीही ताकद चाकांना साखळ्यांनीच जात होती. फरक एवढाच की त्या साखळ्या जाड पोलादी कवचात होत्या. तेव्हा साखळी हा प्रकारच मुळात जीवघेणा होता असे म्हणून प्रश्न सुटत नाही. मात्र हेही खरे की बॅब्समध्ये साखळी चालकाच्या अगदी लगत होती आणि तिच्यावरचे आवरण पोलादी कवच नव्हते. चाक आधी गेले असे धरले तरी, काहीतरी तुटल्यावर चालक वाचण्याची शक्यता या मांडणीत कमी होती. ती मांडणी १२५ पौंडांत गाडीबरोबरच आली होती.

ओवेनने बॅब्स पुन्हा उभी करायला सुमारे सोळा वर्षे घेतली. वाचले ते भाग साफ केले, गेले ते नव्याने घडवले, बाह्यांग जुन्या छायाचित्रांवरून बनवले. बेंझचे काम, झ्बोरोव्स्की-गॅलपची जुळणी, थॉमसचे पिस्टन, आणि आता ओवेनचे हात. या गाडीला प्रत्येक मालकाने बदलले आणि प्रत्येकाने आधीच्याचे काही ना काही राखले. १९९६ मध्ये पेंडाइनला समुद्रासमोर संग्रहालय झाले. ते पाडून २०२३ मध्ये तिथे नवे उघडले. जिथे ती पुरली होती त्याच गावात बॅब्स आता पाहायला मिळते, आणि पेट्रोल भरले की लिबर्टीची सिलिंडरे अजूनही पेटतात.