पवईचे डॉक्टर स्कॉट : एका घराण्याचा माग

भांडुप पश्चिमेच्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर उभे राहिले की मावळतीकडे डोंगर दिसतो. डोंगराआड विहार, थोडे दक्षिणेला पवई. आज या भागात इमारतींची दाटी आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी इथे 'इस्टेटी' होत्या. साष्टीचे बेट १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती आले. पुढे कंपनी सरकारने तिथली गावे ठराविक भाड्याने निरनिराळ्या व्यक्तींना देण्यास सुरुवात केली. भांडुपला ल्यूक ॲशबर्नर यांची रम गाळण्याची भट्टी होती, कुर्ल्याची जमीन वाडिया घराण्याकडे होती, आणि पवई होती डॉ. हेलेनस स्कॉट नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराकडे.

पवईच्या इतिहासात स्कॉट यांच्याविषयी सहसा तीनच वाक्ये आढळतात. १७९९ मध्ये वर्षाला ३,२०० रुपये भाड्याने त्यांना जमीन मिळाली. १८१६ मध्ये ते वारले. वारसांना इस्टेट सांभाळता न आल्याने सरकारने ती जप्त केली आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांना दिली. आम्हीही बरीच वर्षे हेच खरे धरून चाललो होतो. परंतु स्कॉट यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासातही वारंवार भेटते, आणि तिथली माहिती या तीन वाक्यांशी जुळत नाही.

प्रयोगशाळेत दोन उपकरणांची मापे जुळली नाहीत तर आपण सोयीचे माप ठेवून दुसरे फेकून देत नाही. तिसरे माप घेतो. इथेही आम्ही तेच करायचे ठरवले.

प्रथम, हे गृहस्थ कोण? जन्म स्कॉटलंडमधील डंडीच्या परिसरातला, वैद्यकाचे शिक्षण एडिंबरोचे, आणि नंतर सुमारे तीस वर्षे कंपनीची मुंबई इलाख्यातील नोकरी. मुंबईहून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्रे लिहिली. त्यांत इथल्या कारागिरांच्या विद्येची नोंद आहे : कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया, चुना, रंगकाम आणि 'वुट्झ' नावाने ओळखले जाणारे पोलाद. त्यांनी पाठवलेल्या पोलादाचे परीक्षण जॉर्ज पियर्सन यांनी १७९५ मध्ये प्रसिद्ध केले. धर्मपाल यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानावर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ही पत्रे वाचावयास मिळतात. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. तिची हकीकत वृत्तपत्रातून जाहीर करणारे डॉक्टरही हेच.

आता मृत्यूच्या वर्षाकडे वळू. इंग्लंडला परतल्यावर स्कॉट यांनी बाथ येथे व्यवसाय सुरू केला. १८१५ मध्ये लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यांना परवाना दिला. १८१७ मध्ये ते लंडनमध्ये व्यवसाय करू लागले आणि त्याच वर्षी आम्लांच्या औषधी उपयोगावरचा त्यांचा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १८१६ मध्ये वारलेला माणूस १८१७ मध्ये लंडनला दवाखाना थाटू शकत नाही!

मग ते वारले केव्हा? याचे उत्तर मुंबईतही नाही आणि लंडनमध्येही नाही. ते ऑस्ट्रेलियात आहे. उतारवयात स्कॉट यांनी मुलांसह न्यू साउथ वेल्सला जाऊन वसण्याचे ठरवले. वाटेत, १६ नोव्हेंबर १८२१ रोजी, जहाजावरच त्यांचे निधन झाले. रॉबर्ट आणि हेलेनस हे त्यांचे मुलगे १८२२ मध्ये तिकडे पोहोचले. दोघांचाही जन्म मुंबईचा. हंटर नदीच्या खोऱ्यात त्यांना सरकारी जमीन मिळाली आणि 'ग्लेंडन' नावाची इस्टेट उभी राहिली. तिथे ते घोड्यांची पैदास करीत. म्हणजे इकडे पवईची जप्ती झाली तेव्हा तिकडे हे भाऊ नवे शेत वसवत होते. वारस नालायक होते असे मुळीच नाही. ते दुसऱ्या खंडात होते. महसुली दफ्तराला भाडे आले की नाही एवढ्याशीच मतलब असतो, भाडेकरूच्या आयुष्याशी नसतो.

पुढच्या पिढ्यांचा माग काढताना एक अडचण येते. नावे तीच ती येतात. बाप हेलेनस, मुलगाही हेलेनस. आई ऑगस्टा मरिया, मुलगीही ऑगस्टा मरिया. अशा वेळी नावापुढे जन्म-मृत्यूची साले लिहिल्याशिवाय वंशावळ सुटत नाही. ती सुटली की मात्र आश्चर्य वाटते. अलेक्झांडर वॉकर स्कॉट (१८००-१८८३) हा मुंबईत जन्मलेला आणखी एक मुलगा कीटकशास्त्रज्ञ झाला. त्याच्या हॅरिएट आणि हेलेना या मुलींनी काढलेली पतंग-फुलपाखरांची चित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. धाकट्या हेलेनसची मुलगी रोझ स्कॉट (१८४७-१९२५) स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढली; न्यू साउथ वेल्समध्ये तो १९०२ मध्ये मिळाला. ऑगस्टा मरियाचा मुलगा डेव्हिड स्कॉट मिचेल याने आयुष्यभर जमवलेली पुस्तके आणि हस्तलिखिते जनतेला दिली. त्यांतून सिडनीचे मिचेल ग्रंथालय १९१० मध्ये उघडले. स्कॉट कुटुंबाची कागदपत्रे आज तिथेच जपलेली आहेत.

अशा घराण्यांना 'पायोनियर', म्हणजे आद्य वसाहतकार, म्हणण्याची पद्धत आहे. शब्द वापरण्यापूर्वी जरा थांबले पाहिजे. ग्लेंडनची जमीन रिकामी नव्हती. ती वोनारुआ लोकांची होती. जून १८३८ मध्ये मायल क्रीक येथे किमान २८ आदिवासींची कत्तल झाली. आरोपींच्या बचावासाठी ज्या जमीनमालकांनी पैसा आणि वजन खर्च केले त्यांच्या अग्रभागी रॉबर्ट स्कॉट होता. त्यापायी त्याचे मॅजिस्ट्रेटपद गेले. सात जणांना फाशी झाली. बाप परक्या देशातील कारागिरांची विद्या आस्थेने नोंदवतो आणि मुलगा खुन्यांच्या पाठीशी उभा राहतो. एकाच घराण्याच्या कागदांत दोन्ही आहे. माग काढायचा तर दोन्ही वाचावे लागते. आणि पवईला जमीन प्रत्यक्ष कसली कोणी? भाड्याच्या नोंदीत धन्याचे नाव येते, नांगर धरणाऱ्याचे सहसा येत नाही. दफ्तरातले हे मौनही विद्यार्थ्यांना दाखवून द्यायला हवे.

शिक्षकांनी वर्गात करून पाहावा असा हा उपक्रम आहे. भांडुपमधील पुष्कळ मुलांची घराणी कारखान्यांतील कामासाठी कोकणातून, घाटावरून किंवा उत्तरेतून आलेली आहेत. प्रत्येकाने आजोबांपर्यंत मागे जावे. गावचा सातबारा, फेरफार, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड आणि आजीची आठवण, एवढी साधने पुरेत. प्रत्येक तारखेला दोन स्वतंत्र पुरावे मागावेत. कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात कोणाचे नाव नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावेत. दोन तारखा जुळल्या नाहीत तर मुलाला चूक ठरवू नये. आमचा शोध अशाच एका न जुळणाऱ्या तारखेपासून सुरू झाला होता.