सावित्री खाडी आणि शस्त्र-आयातीचा कायदा

महाडची आजची ओळख औद्योगिक वसाहतीची असली, तरी त्याचे जुने महत्त्व बंदराचे होते. भरतीबरोबर गलबते सावित्रीतून दासगाव व महाडपर्यंत येत आणि माल वरंध घाटाने देशावर चढे. सशस्त्र प्रवाशाने सीमा ओलांडल्यास राज्यसंस्थेने त्यास कसे वागवावे, हा प्रश्न या परिसरात निरनिराळ्या काळी उपस्थित झालेला दिसतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचा आकार, नाखवा आणि जहाजावरील शस्त्रे यांची नोंद असे. नियंत्रण जहाजावर होते. प्रवासी त्यात गौण होता.

प्रवाशाचा विचार खऱ्या अर्थाने लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्यात आला. त्याच्या सहाव्या कलमानुसार परवान्याशिवाय समुद्रमार्गे वा भूमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र आणण्यास व तेथून नेण्यास मनाई होती. शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, भाला आणि धनुष्यबाणही होते. या कलमाच्या स्पष्टीकरणाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या एका भागातून दुसऱ्या भागात समुद्रमार्गे, अथवा मधल्या परक्या मुलखातून नेलेले शस्त्र हे ‘बाहेर नेलेले व आत आणलेले’ मानावे, असे ते सांगते. महाड हे कुलाबा जिल्ह्यातील ब्रिटिश ठाणे होते. घाटमाथ्यापलीकडे भोर संस्थान होते. सावित्रीच्या मुखाशी दक्षिणेस ब्रिटिशांचे बाणकोट, तर उत्तरेस जंजिरा संस्थानातील हरिहरेश्वर होते. साहजिकच भोरहून घाट उतरणाऱ्याची तलवार कायद्याच्या दृष्टीने ‘आयात’ ठरे. आणि खाडीतून मुंबईस निघालेल्या महाडकराची बंदूक एकाच प्रवासात निर्यात होऊन पुन्हा आयात होई! संस्थानी प्रजेच्या नित्याच्या वाटेवर ही सीमा होती.

कलमात एक सवलतही होती. शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क असणाऱ्यास स्वतःच्या उपयोगासाठी ते वाजवी प्रमाणात आणता येई. परंतु हा हक्क कोणास, हे ठरविताना युरोपियनांना दिलेली सूट निर्णायक ठरे. हा वांशिक भेद १९२० च्या नियमांनी दूर झाला. ‘वाजवी’ प्रमाण कोणते याचा निर्णय मात्र सीमाशुल्क अधिकाऱ्याकडेच राहिला. सरकारचा हुकूम येईपर्यंत त्यास शस्त्र अडकवून ठेवता येत असे.

१९४८ साली जंजिरा व भोर विलीन झाली आणि महाडभोवतीची सीमा नाहीशी झाली. तथापि १९५९ च्या शस्त्र कायद्याचे दहावे कलम पाहता जुनी चौकट बहुतांशी तशीच असल्याचे आढळते. केंद्र सरकारने निर्दिष्ट केलेल्या देशांतील खऱ्याखुऱ्या पर्यटकास केवळ क्रीडेसाठी वाजवी प्रमाणात शस्त्र आणण्याची मुभा एवढी भर पडली. अधिकाऱ्याचा संशय व ‘अडकवून ठेवणे’ कायम राहिले. समुद्रमार्गाविषयीचे स्पष्टीकरणही पोटकलमाच्या रूपाने टिकले. त्यात हवाईमार्गाचा समावेश झाला.

ही सारी व्यवस्था शस्त्र दाखविणाऱ्या प्रवाशासाठी होती. शस्त्र लपविणाऱ्यापुढे ती अधिकाऱ्याच्या सचोटीपुरतीच उरते, हे १९९३ मध्ये पूर्वीच्या जंजिरा मुलखातच दिसून आले. जानेवारीत दिघी येथे तस्करीचा माल उतरला. तो घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविली होती. लाच ठरवून आणि उरलेल्या रकमेच्या हमीपोटी चांदीच्या विटा ठेवून घेऊन ती सोडण्यात आली. फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर एके-५६ रायफली व आरडीएक्स उतरले. १२ मार्च रोजी मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. १८७८ च्या कायद्याने ज्या अधिकाऱ्यांच्या हाती निर्णय सोपविला होता, त्याच सीमाशुल्क खात्यातील आणि पोलिसांतील काहींच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी कायम केल्या.