परीखान्यात दहा थाट

लखनौच्या चारबाग स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मी ‘कैसरबाग’ म्हटलं, तर त्याने विचारलं, ‘‘भातखंडे जाना है?’’ मुंबईत भातखंडे म्हणजे आडनाव. इथे ते ठिकाण आहे, बसथांब्यासारखं. वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेल्या एका वकिलाचं आडनाव अवधच्या नवाबांच्या राजधानीत असं रुळावं, याचा मराठी माणसाला अभिमान वाटतो. मलाही वाटला. फाटकाच्या आत गेल्यावर कुठल्याशा खोलीतून ततकार ऐकू येत होता, दुसऱ्या खोलीत कुणी यमनचे आलाप घोटत होतं, आणि मी ज्या इमारतीसमोर उभी होते तिला लोक अजूनही परीखाना म्हणतात. अभिमान तिथेच जरा अडखळला.

परीखाना हे नाव वाजिद अली शाहचं. युवराज असताना १८४०च्या दशकात त्याने मुलींना नाच-गाणं शिकवण्यासाठी जी संस्था उभी केली तिचं ते नाव. तिथे शिकणाऱ्या मुली म्हणजे ‘परी’. त्यांतल्या काही तवायफांच्या घरांतून आलेल्या, काही विकत घेतलेल्या, काहींना त्याने पुढे बेगम केलं. त्यांच्यातलीच एक महकपरी, म्हणजे नंतरची बेगम हजरतमहल, जिने १८५७मध्ये आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवून कंपनीशी लढा दिला. वाजिद अलीने आपल्या प्रेमप्रकरणांची कहाणी स्वतःच लिहून ठेवली. तिचं सचित्र हस्तलिखित, ‘इश्कनामा’, आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहे. राज्य गेलं आणि राजाची प्रेमपत्रंही गेली, असं म्हणावंसं वाटतं.

त्या कहाणीत एक यास्मीन आहे. आफ्रिकी वंशाची. वाजिद अलीने तिच्याशी लग्न केलं होतं. लखनौच्या दरबारात आफ्रिकेतून आणलेले गुलाम, खोजे, पहारेकरी होते आणि बायकाही होत्या. आपल्याकडे जंजिऱ्याचा सिद्दी माहीत असतो, मलिक अंबर माहीत असतो. पण काळी बेगम म्हटली की आपली कल्पनाशक्ती थबकते. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदरबागेत इंग्रज फौजेने जी कत्तल केली तिच्या काही इंग्रजी वर्णनांत लढणाऱ्या काळ्या बायकांचा उल्लेख येतो, आणि तोही माणसांसारखा नाही, जनावरांच्या उपमेत. फोर्ब्स-मिचेल या सैनिकाने मात्र १८९३च्या आठवणींत वेगळी गोष्ट सांगितली आहे. पिंपळावर चढून गोळ्या झाडणारा बंडवाला खाली पाडला तेव्हा ती बाई निघाली, आणि तिला मारणारा शिपाई रडला. आज सिकंदरबागेजवळ पुतळा आहे तो ऊदादेवीचा, पासी समाजातल्या वीरांगनेचा. त्या पिंपळावर तीच होती, असं दलित लोकस्मृती सांगते. ज्या बाईचं नाव कुणी टिपलं नव्हतं तिला नाव द्यायला त्या समाजाला शतकभर वाट पाहावी लागली. यास्मीनसाठी असा हक्क सांगायला लखनौत कुणी उरलेलं नाही.

अवध खालसा झालं ते १८५६च्या फेब्रुवारीत. कारण दिलं गेलं गैरकारभाराचं, पण रेसिडेंट स्लीमनच्या लिखाणात पुनःपुन्हा येतो तो राजाचा ‘बायकी’ नाद. गाणारे, नाचणाऱ्या, खोजे यांच्या संगतीत बसणारा, स्वतः ठुमऱ्या रचणारा आणि रासात कृष्ण होणारा पुरुष राज्य कसं करणार? राजाने पुरुष कसं असावं याची साहेबाची व्याख्या अशी एका राज्याच्या मुळावर आली. राजा कलकत्त्याला मटियाबुर्जला गेला. मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं हे वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी लखनौ नगरपालिकेची दप्तरं चाळून शोधलं. बंडानंतरच्या करवसुलीच्या वह्यांत सर्वांत वरच्या गटात तवायफा होत्या. शहरातल्या सर्वाधिक कमाईच्या लोकांत त्यांची गणना होती, आणि बंडात भाग घेतल्याबद्दल ज्यांची मालमत्ता जप्त झाली त्यांच्यातही त्यांची नावं होती. मग छावणीतल्या गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून केलेल्या कायद्यांखाली त्यांची तपासणी सुरू झाली. करवहीतली मालकीण तपासणीच्या नोंदवहीत आली.

ओल्डनबर्ग यांनी नंतर उरल्यासुरल्या तवायफांशी बोलून १९९०मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. त्यातल्या काही बायकांनी शांतपणे सांगितलं होतं की पुरुष हा धंदा, जिव्हाळा मात्र एकमेकींचाच. हे ऐकून धक्का बसायचं कारण खरं तर नव्हतं, कारण लखनौने हे दीड-दोनशे वर्षं आधी कवितेत लिहून ठेवलं होतं. सआदत यार खाँ रंगीन आणि इन्शा यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘रेख्ती’ नावाचा प्रकार रूढ केला. लिहिणारे पुरुष, बोलणारी बाई, तीही जनान्यातल्या घरगुती उर्दूत. ही बोली आपण तवायफांकडून शिकलो असं रंगीन सांगतो आणि तिच्या शब्दांचे अर्थही देतो. बाईच्या प्रेयसीसाठी त्या बोलीत ‘दोगाना’, ‘जनाखी’ असे सरळ शब्द होते. रूथ वनिता यांनी २०१२च्या आपल्या पुस्तकात ही सगळी कविता पुन्हा उजेडात आणली. मधल्या काळात उर्दूच्या इतिहासकारांनी तिला अश्लील ठरवून बाजूला सारलं होतं.

मराठी वाचकाला रेख्ती समजायला वेळ लागू नये. रंगीन-इन्शा लिहीत होते त्याच सुमाराला पुण्यात राम जोशी, होनाजी, सगनभाऊ लावणीत बाईच्या तोंडून बोलत होते. तिथेही लिहिणारा पुरुष, गाणारी बाई, ऐकणारे पुन्हा पुरुष. फरक एवढाच की आपली लावणी उत्तर पेशवाईच्या ‘चैनी’चं लक्षण म्हणून हिणवली गेली तरी मेली नाही, कारण ती गाणाऱ्या जातींना तिच्यावर पोट भरायचं होतं. रेख्तीला असं पोट नव्हतं.

आता भातखंड्यांकडे येते. ते या सगळ्यापासून दूर होते असं वाटतं, पण नाहीत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे त्यांचे चार मराठी ग्रंथ १९१० ते १९३२ या काळात आले. गुरू-शिष्याच्या संवादात लिहिलेली ही हजारो पानं म्हणजे मराठीतल्या मोठ्या टीकाग्रंथांपैकी एक, असं माझं मत आहे, आणि गायकांखेरीज ती कुणी वाचत नाही ही खंतही आहे. त्यात ते एक मोठं घर मोडतात. आधीच्या परंपरेत राग हे पुरुष होते. सहा राग, प्रत्येकाच्या पाच-सहा रागिण्या म्हणजे बायका, मग पुत्र, पुत्रवधू. रागमाला चित्रांतल्या विरहिणी याच घरातल्या. भातखंडे वकिली थाटात विचारतात, ही बायको या नवऱ्याची कशावरून? स्वर जुळतात का? जुळत नसतील तर हे नातं कसलं? पाटण्याच्या मुहम्मद रझाने १८१३च्या ‘नगमाते आसफी’त हीच शंका काढली होती, आणि भातखंडे त्याचं ऋण मानतात. मग ते नवरे-बायका घराबाहेर काढतात आणि त्यांच्या जागी दहा थाटांचा तक्ता मांडतात. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव वगैरे. थाटाला लिंग नाही.

मला हे फार आवडतं. संगीतातून सासर काढून टाकणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. पण तक्त्यात बायका नाहीत म्हणजे गाण्यातही बायका नाहीत, असा समज पुढच्यांनी करून घेतला तो इथूनच. ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या. रामपूरच्या नवाबाकडून, वजीर खाँकडून, जयपूरच्या आशिक अलींकडून चिकाटीने मिळवलेल्या. बंदिशीखाली ती कुणाकडून आली हे सहसा छापलेलं नाही. उस्तादांची नावं इतर लेखनातून कळतात. ज्या बायकांच्या गळ्यातून चीज तीन पिढ्या फिरली, त्यांची कळत नाहीत. जानकी बखले यांनी २००५च्या पुस्तकात भातखंड्यांच्या उस्तादांविषयीच्या तुच्छतेवर बोट ठेवलं, तेव्हा आपल्याकडे बरेच जण दुखावले. मला बखले यांचं म्हणणं बरंचसं पटतं, पण एक गोष्ट त्याबरोबर सांगितली पाहिजे. १९२६ साली राय उमानाथ बली आणि शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या मदतीने, गव्हर्नर मॅरिसच्या नावाने लखनौला कॉलेज निघालं तेव्हा तबल्याला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते, सरोदला सखावत हुसेन खाँ. उस्तादांशिवाय त्यांचं पान हललं नाही. प्राचार्य झाले श्रीकृष्ण रातंजनकर. बेळगावकडचा के. जी. गिंडे नावाचा मुलगा त्यांच्या घरी राहून वाढला, सुमती मुटाटकर तिथे शिकल्या. गृहस्थघरच्या मुलींना गाणं शिकायला दार उघडलं.

आणि दुसरं दार लागलं. १९४६मध्ये नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे असताना ज्यांचं खाजगी आयुष्य लोकापवादाचं आहे अशांना रेडिओवर घेऊ नये, असा दंडक आला. १९५२नंतर दहा वर्षं ते खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. पुण्याचा जन्म, काशीत घडलेले, उत्तर प्रदेशातून लोकसभेवर निवडून आलेले. संगीत मुसलमान गवयांच्या आणि नाचणाऱ्या बायकांच्या हाती गेलं म्हणून धर्मापासून तुटलं, असा त्यांच्या लेखनाचा सूर होता. गवयांच्या चाचण्या घेणाऱ्या समितीवर त्यांनी आणलं ते रातंजनकरांना. दहा थाटांचा तक्ता आता परीक्षकाच्या टेबलावर होता. पिढीजात गाणाऱ्यांना त्या टेबलासमोर बसून रागाचं व्याकरण सांगावं लागलं, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला.

अख्तरीबाई फैजाबादी मात्र आत राहिल्या. १९४५मध्ये त्यांनी लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न केलं, काही वर्षं गाणं सोडलं, आणि १९४९मध्ये लखनौ रेडिओवर परतल्या त्या बेगम अख्तर म्हणून. ‘बाई’ गेली, ‘बेगम’ आली. परीखान्यातल्या मुलींचाही हाच प्रवास होता, फक्त बढती देणारा नवाब होता.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या क्लासात क्रमिकचा दुसरा भाग होता. गुरुजी कडक होते आणि प्रेमळही. ठुमरीतला ‘सैंया’ आम्हा मुलींनी ‘श्याम’ म्हणायचा, असा त्यांचा नियम होता. पुस्तकात त्यांनी पेन्सिलीने खोडून वर लिहिलेलं असे. मी एकदा चुकून छापलेला शब्द गायले तर त्यांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, ‘‘हे कोठ्यावर.’’ मी बारा वर्षांची होते. कोठा म्हणजे धान्याचा, एवढंच मला ठाऊक होतं. घरी येऊन आईला विचारलं तर तिने उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या महिन्यापासून माझा क्लास बंद झाला.

कैसरबागेतल्या त्या दुपारी एक मुलगी व्हरांड्यात बसून पाठ करत होती. तिच्या मांडीवर क्रमिकचंच पुस्तक होतं, हिंदी आवृत्ती. मी विचारलं, काय गातेस? तिने खमाज थाटाचे स्वर सांगितले, आरोह-अवरोह सांगितला, वादी-संवादी सांगितले. मग शब्द गायली. त्यात ‘सैंया’ होता आणि तो ती छान लांबवत होती. मी पुस्तकात डोकावून पाहिलं. पान स्वच्छ होतं.