ओव्याची पुरचुंडी आणि बामची बाटली



पावसात भिजून लावणी केली आणि नाक चोंदले, की घरची आजी काय करते? मूठभर ओवा तव्यावर गरम करते, फडक्यात बांधते आणि हुंगायला देते. ओवा तापला की त्यातले तेल उडू लागते. तोच तो उग्र वास. गवती चहात आणि तुळशीतही असेच उडून जाणारे तेल असते.

असली तेले घरोघरी बाटलीतून कशी आली, ते पाहा. १८९३ साली आंध्रातून आलेल्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत 'अमृतांजन' बाम काढला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातली भातशेतीची गावे होती. १९१४ साली अमृतांजनचा कारभार मद्रासला गेला. बाम मात्र आपल्या फडताळात राहिला.

अशा बामांत बहुधा कापूर, पुदिन्याचे सत्त्व म्हणजे मेंथॉल आणि निलगिरीचे तेल असते. निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. एकोणिसाव्या शतकात ते निलगिरी डोंगरात लावले गेले आणि डोंगराचेच नाव झाडाला पडले.

आता मुद्द्याची गोष्ट. मेंथॉलने नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चाळवतात, म्हणून नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. आतली सूज तशीच राहते. बरे वाटते हे खरे, पण दुखणे गेले असे समजू नका.

मोठ्या माणसाने छातीला, पाठीला बाम चोळायला हरकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला तो लावू नये. कोणाच्याही नाकात घालू नये. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेले तर लहान मुलाला झटके येतात. बाटली उंचावर ठेवा. उकळत्या पाण्याचे भांडे पोरासमोर ठेवून वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका असतो.

आणि मूल शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग ओवाही नको, बामही नको. तडक दवाखाना गाठा.

आजीच्या पुरचुंडीचा मान ठेवा, पण पोराचा श्वास मोजायला विसरू नका.