केवलादेवचा शिलालेख

भरतपूरचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. १७६१ मध्ये पानिपतावरून विपन्नावस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमलाने अन्नवस्त्र व आश्रय दिला, हे आपल्या इतिहासाने विसरलेले नाही. गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या संगमापाशी अजान बांध घालण्याचे श्रेयही त्याच सूरजमलाकडे जाते. त्या बांधाच्या पाण्यावर पोसलेल्या सखल भूमीत दर हिवाळ्यात उत्तरेकडील बदके आश्रयास येतात. गेल्या पौषात ती पहावयास आम्ही केवलादेवास गेलो.

धुके विरळ होईपर्यंत नुसता कलकलाट ऐकू येत होता. मग थापटीसारख्या चोचीचे थापट्या, टोकदार शेपटीची तलवार बदके, करडी गडवाल अशी ओळख पटू लागली. आम्हांस ओढ होती ती फाल्केटेड नावाच्या बदकाची. हा पूर्व आशियातला पक्षी आपल्याकडे क्वचितच भरकटत येतो. आमच्या सायकलरिक्षावाल्याने बोट दाखविले, तेव्हा गडवालांच्या थव्यात एकटाच नर दिसला. डोके हिरवे-तांबूस, झळाळते, आणि पाठीमागे विळ्यासारखी वाकलेली लांब पिसे. अर्धा तास आम्ही तेथून हललो नाही.

परतताना मंदिराजवळचे शिलालेख वाचले. संस्थानाच्या शिकारींचा तो हिशेब आहे: तारीख, प्रसंग, बंदुका व पडलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. जातीचे नाव मात्र एकही नाही. त्या हजारांत आमच्या पाहुण्यासारखा एखादा चुकार जीव होता काय, याचे उत्तर तो दगड देत नाही. गुलाबी डोक्याच्या बदकाची सर्वमान्य अशी शेवटची नोंद याच सुमाराची, १९३५ मधील, दरभंगा भागातील आहे.

तथापि शिकाऱ्यांस केवळ दोष देऊन चालणार नाही. हे पाणी टिकले ते शिकारीच्या हौसेपायीच. स्वातंत्र्यानंतर ते शेतीकडे वळवावे अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी या जागेसाठी आपले वजन खर्ची घातले. महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालला; १९८५ मध्ये या भूमीस जागतिक वारशाचा मान मिळाला.

पण त्याआधी, १९८२ मध्ये, येथे गुरे चारण्यास बंदी झाली आणि तिला विरोध करणारे गावकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की, गुरे गेल्यामुळे गवत माजले व उघडे पाणी कोंडले. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू मानले, त्यांचीच गुरे पक्ष्यांसाठी पाणी मोकळे ठेवीत होती!

त्या गावकऱ्यांची नावे आम्ही तेथे शोधली. ती कोणत्याही दगडावर आढळली नाहीत. आमच्या टिपणवहीत त्या दिवशी एका दुर्मिळ बदकाची नोंद झाली. तिच्याखाली ही उणीवही आम्ही लिहून ठेवली आहे. आश्रयस्थानाच्या इतिहासात आश्रितांबरोबर त्याच्या शेजाऱ्यांचीही गणती झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.