खांबांवरची बाई



बचत गटाच्या बैठकीत आपण पेटी उघडतो ती एकमेकींच्या भरवशावर. पैशाचा व्यवहार सचोटीवर चालतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. याच सचोटीची एक भव्य मूर्ती अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शेअर बाजारावर आहे. आज आम्ही तिची गोष्ट सांगणार आहोत.

ही इमारत १९०३ साली खुली झाली. वास्तुरचनाकार जॉर्ज पोस्ट यांनी तिला जुन्या ग्रीक-रोमन देवळाचं रूप दिलं. या धाटणीला नवअभिजात शैली म्हणतात. समोर सहा उंच खांब आणि त्यांवर त्रिकोणी माथा. बाजार देवळासारखा पुरातन आणि अढळ दिसला, की लोकांचा विश्वास बसतो, हा त्यामागचा विचार.

पुढच्याच वर्षी त्या त्रिकोणात संगमरवरी शिल्पं बसली. ती जॉन वॉर्ड आणि पॉल बार्टलेट या शिल्पकारांची. मधोमध हात पसरून उभी आहे सचोटी, एक बाई! तिच्या एका बाजूला शेती आणि खाणकाम, दुसऱ्या बाजूला विज्ञान, उद्योग आणि नवे शोध. माणसाच्या कष्टांचं रक्षण ती करते, असा शिल्पाचा अर्थ.

शहराच्या हवेनं संगमरवर झिजला. १९३६ मध्ये त्या जागी धातूच्या पत्र्याच्या प्रतिकृती बसवल्या. खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आता आत डोकावू या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा १९४३ मध्ये बायकांना पहिल्यांदा सौद्यांच्या दालनात कारकुनी मिळाली. पण सदस्यत्व? त्याला तिथे ‘सीट’ म्हणत. ती खुर्ची म्युरिएल सीबर्ट यांना मिळाली १९६७ च्या डिसेंबरात. शिफारस करायला नऊ जणांनी नकार दिला, दहावा तयार झाला. खुर्चीची किंमत ४,४५,००० डॉलर. आणि १,३६५ पुरुषांत त्या एकट्या!

म्हणजे दगडाची बाई माथ्यावर चढल्यावर हाडामांसाच्या बाईला आत खुर्ची मिळायला ६३ वर्षं लागली.

मैत्रिणींनो, लक्ष्मी म्हणून आपलीही पूजा होते. पण गावच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळात आपल्यापैकी किती जणी आहेत? आणि ज्या आहेत, त्या बोलतात की नुसत्या सह्या करतात? पुढच्या बैठकीत एवढं नक्की मोजू या.